भरतीचे शब्द सही करायच्या आधी समजून घ्या

माण तालुक्यातून एका बहिणीचं पत्र आलंय. तिचा धाकटा भाऊ १७ वर्षं १० महिन्यांचा आहे, अग्निवीर जीडीची ऑनलाईन परीक्षा पास झाला, भरतीच्या रॅलीत रनिंग निघालं, बीम म्हणजे पुल-अप्स निघाले, आणि मेडिकलला हातात चिठ्ठी पडली, "टेम्पररी अनफिट, रेफर टू एमएच". कारणं दोन, वॅक्स आणि डीएनएस. पोरगं घरी येऊन कुणाशी बोलेना. गावात सगळे म्हणतायत "रेफर केलं म्हणजे संपलं". वडील विचारतात चार वर्षांनी पेन्शन बसणार का, आईला कुणीतरी सांगितलंय की तुम्हाला पण सही करावी लागेल म्हणून ती घाबरलीय, आणि ओळखीचा एकजण म्हणतो मेडिकलचं मी बघतो, दहावीचं ओरिजिनल मार्कशीट माझ्याकडे आणून ठेवा. ती लिहिते, "काका, फॉर्म मीच भरला होता पण निम्मे शब्द मला कळले नाहीत, भावाला पण कळले नाहीत, तिथे विचारायला लाज वाटते. तुम्ही आर्मीत क्लार्क होता म्हणून तुम्हाला विचारते."

पोरी, चांगलं केलंस विचारलंस. आधी चिठ्ठीचं बघू, बाकी सगळं नंतर, कारण त्या चिठ्ठीला तारीख असते आणि तारीख गेली तर मग कुणीच काही करू शकत नाही.

टेम्पररी अनफिट म्हणजे आज जी अडचण दिसली ती दुरुस्त होण्यासारखी आहे किंवा स्पेशालिस्ट डॉक्टरने एकदा बघायला पाहिजे, असं. एमएच म्हणजे मिलिटरी हॉस्पिटल. रॅलीच्या ग्राउंडवर जे डॉक्टर असतात त्यांच्यापुढे शेकडो पोरं उभी असतात, त्यांना शंका आली की ते रेफर करतात, आणि मग एमएचला कान-नाक-घशाचा डॉक्टर, हाडांचा डॉक्टर, डोळ्यांचा डॉक्टर, ज्याचा तो विषय तो निवांत बघतो. ह्याला रिव्ह्यू मेडिकल म्हणतात. तिथे फिट लिहिलं की पोरगं परत लाईनीत आलं, मागचे मार्क कुठे जात नाहीत. तेव्हा रेफर म्हणजे संपलं हे गावात जे बोलतात ते चुकीचं आहे, आणि ह्याच गैरसमजापायी कितीतरी पोरं रिव्ह्यूला जातच नाहीत ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. पर्मनंट अनफिट लिहिलेलं असलं तरी सुद्धा रिव्ह्यू मागता येतो, त्यामुळे शब्द कुठलाही असो, चिठ्ठी नीट वाचायची, कुठल्या हॉस्पिटलला, किती तारखेपर्यंत, सोबत काय न्यायचं.

वॅक्स म्हणजे कानातला मळ. बस एवढंच. मळ असला की डॉक्टरला कानाचा पडदा दिसत नाही आणि पडदा दिसला नाही तर तो फिट लिहू शकत नाही. सरकारी दवाखान्यात कानाच्या डॉक्टरकडून काढून घ्या, घरी काडी, पिन, गरम तेल असलं काही नको, पडद्याला इजा झाली तर मात्र खरंच अडचण होईल. डीएनएस म्हणजे नाकाच्या मधला पडदा वाकडा. थोडाफार वाकडा खूप जणांचा असतो, प्रश्न एवढाच की श्वासाला अडथळा होतो का, आणि ते एमएचचा डॉक्टर ठरवणार. आधी सिव्हिलला दाखवून त्यांचं मत घ्या. घाईघाईत कुणाच्या सांगण्यावरून ऑपरेशन करून घेऊ नका, ताज्या ऑपरेशनची पण मेडिकलला नोंद होते आणि ते भरून यायला वेळ द्यावा लागतो.

आणि तो ओळखीचा माणूस. त्याला घरात घेऊ नका. मेडिकल सेटिंग नावाची गोष्ट विकणारी माणसं एकच हिशोब करतात, दहा पोरांचे कागद आणि पैसे घ्यायचे, त्यातली चार-पाच पोरं आपल्या जिवावर पास होणारच असतात, त्यांचे पैसे ठेवायचे आणि बाकीच्यांना सांगायचं ह्यावेळी जमलं नाही. ओरिजिनल मार्कशीट त्याच्याकडे अडकलं की तुम्ही त्याच्या हातात. ओरिजिनल कागद पोराच्या हातातून फक्त एका ठिकाणी जातात, ते म्हणजे एआरओ, आर्मी रिक्रूटिंग ऑफिस. सातारा जिल्ह्याचं कामकाज कोल्हापूरच्या एआरओकडे आहे. काही शंका असली तर सरळ तिथे विचारायचं, मधे माणूस लागत नाही.

आता जीडीचं. जीडी म्हणजे जनरल ड्युटी, हीच सगळ्यात मोठी भरती, दहावीला ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ लागतात. टेक्निकल वेगळं, क्लार्क आणि स्टोअर कीपर वेगळं, ट्रेड्समन म्हणजे स्वयंपाकी, धोबी, न्हावी असली कामं करणारे वेगळे, त्यात पण दहावी पासवाले आणि आठवी पासवाले निराळे. फॉर्म भरताना जी कॅटेगरी टाकली तिच्यावरच शिक्षणाची अट, उंची, पेपर सगळं ठरतं, म्हणून पुढच्या वेळी गावातल्या दुसऱ्या कुणाचा फॉर्म भरशील तेव्हा "काहीतरी टाकू, नंतर बदलू" असं करू नकोस. ट्रेड्समनला हलकं समजतात लोक, ते मला पटत नाही. लंगर नीट चालला नाही तर पलटण नीट चालत नाही, हे मी अगदी जवळून बघितलंय. लंगर म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर, हा शब्द भावाला पहिल्याच दिवशी ऐकू येईल.

जीडीमधून भाऊ कुठल्या रेजिमेंटला जाईल हे तुम्ही ठरवत नाही. घरी सगळ्यांना वाटतं मराठा म्हणजे मराठा लाईट इन्फंट्री, बेळगाव. मिळेल पण, नाही पण. तो खडकीला बॉम्बे सॅपर्सला जाऊ शकतो, नाशिक रोडला आर्टिलरी सेंटरला, अहिल्यानगरला रणगाड्यांच्या किंवा मेकॅनाइज्ड इन्फंट्रीच्या सेंटरला, कामठीला गार्ड्सला, नाहीतर मध्य प्रदेशात सागरला महार रेजिमेंटला, किंवा जिथलं नाव तुम्ही ऐकलं नसेल अशा ठिकाणी. सेंटर म्हणजे रेजिमेंटल सेंटर, तिथे ट्रेनिंग होतं. आणि ज्या दिवशी पोरांना रेल्वेने सेंटरला पाठवतात त्या दिवसाला डिस्पॅच म्हणतात. "डिस्पॅच आलं" असं भाऊ फोनवर ओरडला तर समजायचं काम झालं.

आता आईच्या सहीकडे येतो, कारण ह्या सगळ्यात माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही.

दोन शब्द आहेत, एनरोलमेंट आणि अटेस्टेशन. पोरं दोन्हीला "भरती झालो" असंच म्हणतात पण दोन्ही वेगळे आहेत. एनरोलमेंट म्हणजे फॉर्मवर सही, नाव फौजेत लागलं, त्या सहीनंतर पोरगं आर्मी अ‍ॅक्टखाली येतं. त्याच्यासाठी मग ड्युटी चुकवणं, न सांगता घरी निघून येणं ह्या नोकरी सोडण्यासारख्या गोष्टी राहत नाहीत, ते गुन्हे होतात. अटेस्टेशन नंतर येतं, ट्रेनिंग पुरं झाल्यावर, पोरं त्याला कसम परेड म्हणतात, सगळ्या सेंटरसमोर शपथ होते की संविधानाशी निष्ठा ठेवीन आणि जमिनीवर, समुद्रात, हवेत जिथे हुकूम होईल तिथे जाईन, जिवाला धोका असला तरी. त्या परेडला घरच्यांना बोलावतात, शक्य झालं तर आईवडिलांना घेऊन जाच.

तर एनरोलमेंट फॉर्मवर १८ पूर्ण नसलेल्या पोराच्या आईवडिलांची किंवा पालकाची सही लागते. म्हणून आईची सही. त्यात घाबरण्यासारखं काही नाही पण न वाचता करण्यासारखं पण नाही. आता नीट ऐक. आर्मी अ‍ॅक्ट १९५० चं कलम १३ असं सांगतं की सही घ्यायच्या आधी एनरोलिंग ऑफिसरने पोराला नोकरीच्या अटी वाचून दाखवायच्या आणि समजावून सांगायच्या, किंवा दुसऱ्या कुणाकडून त्याच्यासमोर तसं करवून घ्यायचं. म्हणजे "साहेब, हे समजलं नाही" असं म्हणणं ही काही उद्धटपणाची गोष्ट नाही, कायद्यानेच ती जागा ठेवलीय. तुझ्या पत्रात लाज हा शब्द आला तेव्हा मला हेच आधी सांगावंसं वाटलं. माझ्या टेबलासमोर किती पोरं उभी राहायची, मान हलवायची, कळलं का म्हटलं की जी साब, आणि बाहेर जाऊन एकमेकाला विचारायची की काय म्हणाले. एकाने विचारलं की मागच्या दहा जणांना कळतं, म्हणून भावाला सांग बिनधास्त विचार, हिंदी मोडकीतोडकी असली तरी चालतं.

त्याच फॉर्मवर प्रश्न असतात, लग्न झालंय का, कधी अटक किंवा शिक्षा झालीय का, आधी कुठे नोकरीत होता का. अग्निवीराला लग्न झालेलं चालत नाही, हे माहीत असेलच. उत्तरं खरी द्यायची. गावाकडे एखाद्या गणपतीच्या मिरवणुकीत भांडण झालं, नाव पोलिसात गेलं, आणि लोक सल्ला देतात की लिहू नको कुणाला कळतंय. पोलीस व्हेरिफिकेशन होतं, कळतं. आणि खोटं उत्तर दिलं तर कलम ४४ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. खरं लिहून अडलं तर निदान दुसरीकडे दरवाजे उघडे राहतात, खोटं लिहून आत गेलेल्याची झोप जाते.

मग किंड्रेड रोल. हा शब्द बाहेर कुणालाच माहीत नसतो. घरच्यांची यादी, आई, वडील, भाऊ, बहीण, नावं, जन्मतारखा, पत्ता. पोरं कंटाळून भरतात, आईचं नाव आधारवर एक, रेशनकार्डवर दुसरं, पोराने तिसरंच लिहिलेलं. पोरी, तू हे काम आजच कर. सगळे कागद समोर ठेव, एकेक नाव, एकेक अक्षर जुळव, इंग्लिश स्पेलिंग सुद्धा, आणि भावाला एका कागदावर लिहून दे की हे असंच लिहायचं. मी क्लार्क होतो म्हणून सांगतो, एका अक्षरापायी म्हातारी माणसं किती वर्षं हेलपाटे घालतात ते मी बघितलंय. पुढे लग्न झालं, पोर झालं, घरात कुणी गेलं, की प्रत्येक गोष्टीची नोंद युनिटकडून होते, तिला पार्ट टू ऑर्डर म्हणतात, आणि ती रेकॉर्ड ऑफिसला जाते. नोंद नाही तर फौजेच्या दृष्टीने ती गोष्ट झालीच नाही.

तिथेच एनओके आणि नॉमिनी असे दोन कॉलम येतील. एनओके म्हणजे सगळ्यात जवळचं माणूस, काही झालं तर फौज पहिल्यांदा ज्याला कळवते ते. नॉमिनी म्हणजे ज्याच्या नावावर पैसे मिळतात ते. दोन्ही एकच असलं पाहिजे असं नाही, घरात बसून आधीच बोलून घ्या, हे बोलणं अवघड वाटतं पण पोरगं सेंटरला गेल्यावर फोनवर त्याहून अवघड होतं.

आता वडिलांचा प्रश्न, पेन्शन. सरळ सांगतो, नाही. अग्निपथ योजना १४ जून २०२२ ला जाहीर झाली, तिच्यात चार वर्षांची नोकरी, त्यानंतर पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, आणि बाहेर पडल्यावर कॅन्टीन आणि ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा, दवाखाना पण नाही. नोकरीत असताना मात्र कॅन्टीन आणि मिलिटरी हॉस्पिटल दोन्ही मिळतं. चार वर्षांनी बॅचमधले २५ टक्क्यांपर्यंत पुढे रेग्युलर केडरमध्ये घेतले जाऊ शकतात, किमान १५ वर्षांसाठी, ह्याला पोरं "रिटेन होणं" म्हणतात. "२५ टक्क्यांपर्यंत" ह्यातलं "पर्यंत" वडिलांना दोनदा वाचून दाखव, हा हक्क नाही, निवड आहे, आणि ती चार वर्षांच्या कामावरून होते.

पैशाचे दोन आकडे असतात त्याने गोंधळ होतो. पहिल्या वर्षी महिन्याला ३०,००० पण हातात येतात २१,०००, बाकीचे ९,००० सेवानिधीत, म्हणजे चार वर्षांनी एकदम मिळणाऱ्या फंडात, जातात. दुसऱ्या वर्षी ३३,०००, तिसऱ्या वर्षी ३६,५००, चौथ्या वर्षी ४०,०००, दरवेळी त्यातून ३० टक्के असेच सेवानिधीला कापले जातात. जेवढे पोराचे जातात तेवढेच सरकार घालतं. चार वर्षांत पोराचे साधारण ५.०२ लाख, सरकारचे तितकेच, म्हणजे १०.०४ लाख आणि वर व्याज, आणि त्यावर इन्कम टॅक्स नाही. पण मधेच स्वतःच्या मर्जीने सोडून आला, म्हणजे आधी तशी परवानगीच फार क्वचित मिळते, आणि मिळाली तरी स्वतःचे कापलेले पैसे आणि त्याचं व्याज एवढंच मिळतं, सरकारचा वाटा नाही. म्हणून ह्या पैशांवर आत्ताच ट्रॅक्टरचा हिशोब करू नका. वडिलांना हातात येणाऱ्या २१,००० वरच घर कसं चालेल ते बघायला सांग.

विम्याचं पण सांगून ठेवतो. ४८ लाखांचा विमा असतो, त्याचा हप्ता पोराच्या पगारातून जात नाही. आणि एक शब्द लक्षात ठेव, अ‍ॅट्रिब्युटेबल. दुखापत किंवा आजार हा नोकरीमुळे झाला असं कागदावर ठरलं तर भरपाई वेगळी, नाही ठरलं तर वेगळी. अपंगत्वाला १००, ७५ आणि ५० टक्के अशा तीन पायऱ्या आहेत आणि त्याप्रमाणे ४४, २५ आणि १५ लाख. तेव्हा भावाला सांग, ट्रेनिंगमध्ये पडला, गुडघा मुरगळला, तर लपवून धावत बसू नको, एमआय रूमला जाऊन नोंद करून घे. एमआय रूम म्हणजे युनिटमधला दवाखाना. पोरं लाजेने जात नाहीत, उस्ताद काय म्हणतील म्हणून, आणि मग नंतर कागदच नसतो.

उस्ताद म्हणजे ट्रेनिंग देणारा, बहुतेक नाईक किंवा हवालदार. सेंटरला साधारण सात महिने भावाची दुनिया म्हणजे उस्ताद. फौजेतली उतरंड खालून वर थोडक्यात सांगतो, शिपाई, लान्स नाईक, नाईक, हवालदार, मग जेसीओ म्हणजे नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर, आणि मग लेफ्टनंटपासून पुढे ऑफिसर. अग्निवीर ही सगळ्यांपेक्षा वेगळी रँक आहे. जेसीओला साब म्हणायचं, ऑफिसरला सर. रणगाड्यात गेला तर शिपायाला सवार आणि सुभेदाराला रिसालदार म्हणतात, तोफखान्यात शिपायाला गनर, इंजिनिअरमध्ये सॅपर, नाव बदललं म्हणून दर्जा बदलत नाही. दहा जणांचं सेक्शन, तीन सेक्शनची प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी, चार रायफल कंपन्या आणि बाकीचे मिळून पलटण, म्हणजे बटालियन, तिचा मुख्य सीओ, कर्नल. पलटण हेच पोराचं घर होतं पुढे, रेजिमेंट हे आडनाव समज.

ड्रिलचे हुकूम सगळे हिंदीत. सावधान, विश्राम, दाहिने मुड, पीछे मुड, तेज चल, थम. घरी रोज संध्याकाळी पाच मिनिटं कर म्हणावं भावासोबत, दाहिने म्हटलं की उजवीकडेच वळायची सवय लागली पाहिजे, पहिल्या आठवड्यात आपली पोरं इथेच अडखळतात आणि त्यांना वाटतं आपल्याला जमणारच नाही. फॉल इन म्हणजे रांगेत उभं राहणं, रोल कॉल म्हणजे हजेरी आणि उद्याचे हुकूम, फटीग म्हणजे साफसफाई, गवत, सामान उचलणं वगैरे कामं, बडा खाना म्हणजे सगळ्यांचं एकत्र मोठं जेवण. हे शब्द आठ दिवसांत तोंडात बसतात, ह्यांची काळजी नको.

ज्याची काळजी करावी तो शब्द ओएसएल. सुट्टी संपून पण हजर झाला नाही त्याला ओएसएल लागतो, आणि सुट्टी नसताना निघून गेला तर एडब्ल्यूएल. अग्निवीराला वर्षाला ३० दिवस सुट्टी. घरच्यांकडून हमखास काय होतं, यात्रा आहे अजून दोन दिवस थांब, चुलत बहिणीचं लग्न आहे थांब, मी बोलतो साहेबांशी. तुम्ही बोलून काही होत नाही, पोराच्या कागदावर लागतं आणि चार वर्षांनी रिटेन करायची वेळ आली की तो कागद वर येतो. घरात खरोखर आजारपण असेल, गाडी चुकली असेल, तर हजर व्हायच्या तारखेच्या आधी युनिटला कळवायचं, दवाखान्याचा कागद ठेवायचा, आणि रेल्वेत अडकला तर मोठ्या स्टेशनवर एमसीओ म्हणून फौजेचं ऑफिस असतं, तिथे जाऊन नोंद करून घ्यायची. हे भावापेक्षा घरच्यांनी जास्त लक्षात ठेवायचंय.

शेवटी पत्त्याचं, कारण आई विचारणारच. ट्रेनिंगनंतर पत्ता येईल तेव्हा त्यात गावाचं नाव नसेल, नंबर, रँक, नाव, युनिट आणि खाली ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ, एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. पोस्टात कुणी म्हणेल पत्ता अर्धवट आहे तर तसं नाही, पत्ता पूर्ण आहे, फौजेची टपाल व्यवस्था त्या नंबरावरून बरोबर पोचवते. ५६ चं टपाल दिल्लीवरून जातं, ९९ चं कोलकात्यावरून. जागा लिहीत नाहीत ती त्याच्याच सुरक्षेसाठी, म्हणून फोनवर "नक्की कुठे आहेस, काय दिसतंय तिथून" असं आईने खोदून विचारू नये, आणि त्याने पाठवलेले फोटो गावच्या ग्रुपवर टाकू नयेत. आणि राखी पाठवायची असेल तर दोन-तीन आठवडे आधी टाक, वर नंबर मात्र न चुकता लिही, एकाच युनिटमध्ये एकाच नावाची पाच-पाच पोरं असतात.